पाटीवरचं नाव कुणाचं?

१९८० साली अमेरिकेत आणि मेक्सिकोत डीप पर्पल नावाचा एक बँड तिकिटं लावून फिरत होता. पोस्टरवर नाव त्या गाजलेल्या इंग्लिश हार्ड रॉक बँडचंच, गाणी त्यांचीच, लोक पैसे मोजून आत जायचे, लाईट लागायचे आणि स्टेजवर पाच माणसं उभी, ज्यातल्या चौघांना कुणी बापजन्मात बघितलेलं नसायचं. गिटारवर रिची ब्लॅकमोर नाही, ऑर्गनवर जॉन लॉर्ड नाही, बेसवर रॉजर ग्लोव्हर नाही, ड्रमवर इयन पेस नाही, आणि गायला इयन गिलन पण नाही. पब्लिक भडकायचं, साहजिक आहे. पण यातली मेख अशी की गाणारा जो होता, रॉड इव्हान्स, तो मात्र अगदी अस्सल डीप पर्पलवाला होता. १९६८ मध्ये बँड सुरू झाला तेव्हाचा पहिला गायक तोच, 'हश' नावाचं त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं, जे अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, ते त्याच्याच आवाजातलं. म्हणजे गिलनच्याही आधीचा माणूस. तरी प्रकरण कोर्टात गेलं आणि ठरलं की हा बँड खोटा, ६ लाख ७२ हजार डॉलरचा भुर्दंड बसला, आणि जुन्या रेकॉर्डची रॉयल्टी मिळत होती ती पण गेली. त्यानंतर हा माणूस संगीताच्या जगातून जो गायब झाला तो झालाच.

आणि दुसरीकडे १९९५ मध्ये मुंबईत जो डीप पर्पल आला त्यात गिटारवर स्टीव्ह मोर्स नावाचा अमेरिकन होता, नुकताच भरती झालेला, 'हश'च्या वेळी शाळेत असणार, आणि त्या बँडला कुणी खोटं म्हटलं नाही. पहिल्या दिवसाचा माणूस खोटा आणि काल आलेला खरा. हे कसं काय, यावर मी गेली कित्येक वर्षं अधूनमधून विचार करते, भांडी घासताना वगैरे, आणि हा लेख म्हणजे तोच विचार जरा लांबवून लिहिलेला आहे.

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष होते. आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले. आण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी हात धुऊन पेटी घेऊन बसायचे, नाट्यसंगीत, तेही जुनं, त्यांच्या लेखी त्यानंतर जे काही झालं ते नुसता दंगा. आणि दादा, माझा मोठा भाऊ, कॉलेजात गेल्यावर कुठल्या तरी पुण्याच्या मित्राकडून त्याला हार्ड रॉकचा नाद लागला, नाद म्हणजे कोल्हापुरात जसा लागतो तसा, पूर्ण खुळा. तेव्हा दुकानात ही कॅसेट सहज मिळायची नाही, आणि मिळाली तर परवडायची नाही, म्हणून कोरी नव्वदची कॅसेट विकत घ्यायची आणि कुणाकडून तरी भरून आणायची. दादानं पहिली भरून आणली ती 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोला जे कार्यक्रम झाले त्यांचं रेकॉर्डिंग. बँडला स्वतःला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं म्हणे, जपानपुरतंच काढायचं असं ठरलेलं, आणि आज लाईव्ह अल्बम म्हटलं की पहिल्या दोनचारात त्याचं नाव येतं.

आता ज्यांनी कॅसेट भरून घेतल्यात त्यांना हा हिशोब कळेल. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं. या अल्बमची पहिली चार गाणी छत्तीस मिनिटांत बसतात आणि पाचवं गाणं, 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन', जवळजवळ दहा मिनिटांचं आहे. या गाण्याच्या शेवटाकडे गिटार आणि गळा यांचा सवाल-जवाब चालतो. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गिलन तो तसाच्या तसा गळ्यातून काढून परत फेकतो, मग आणखी वरचा, आणखी अवघड, अगदी कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांना कोड्यात पकडतात तसं, आणि शेवटी गिलन एक किंकाळी मारतो जी संपतच नाही. आमच्या कॅसेटमध्ये ती किंकाळी सुरू व्हायची आणि खट्ट. बाजू संपली. कितीतरी वर्षं मला त्या सवाल-जवाबात कोण जिंकलं हेच माहीत नव्हतं.

आण्णांची प्रतिक्रिया सांगते. पहिले काही दिवस, 'ते बंद कर आधी.' मग एका संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेले, आत कॅसेट चालू, 'हायवे स्टार' मधला लॉर्डचा ऑर्गन सुरू झाला आणि आण्णा कप हातात घेऊन आत आले.

"ही पेटी हाय व्हय रं?"

"पेटी न्हाई आण्णा, हॅमंड ऑर्गन."

"तेच की. पेटीवाला तयारीचा हाय. बाकीच्यांनी जरा दम धरला तर ऐकू तरी यील."

आणि खरंच आहे, डीप पर्पल हा मुळात पेटीवाल्याचा बँड. जॉन लॉर्ड पियानोवर पाश्चात्त्य शास्त्रीय शिकलेला, बाखबिख पचवलेला. १९६९ च्या सप्टेंबरात त्यानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अख्खा रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि हा बँड एकत्र वाजवून दाखवला, स्वतः लिहिलेली रचना. ब्लॅकमोरला हे प्रकरण फारसं रुचलं नाही, त्याचं म्हणणं पुढचा अल्बम रॉकचा, दणकून, माझ्या पद्धतीनं. तो अल्बम म्हणजे १९७० चा 'इन रॉक'. आणि मग लॉर्डनं काय केलं, तर रुसून न बसता आपला हॅमंड नेहमीच्या गोल घुमणाऱ्या लेस्ली स्पीकरातून काढून थेट गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. त्यामुळं तो ऑर्गन गुरगुरायला लागला. गिटार कुठं संपते आणि पेटी कुठं सुरू होते कळत नाही असा जो त्यांचा आवाज आहे तो इथून आला. माझ्या मते हा बँड म्हणजे या दोन माणसांतली ओढाताण, गाणी त्यातून गळून पडलेली.

याच 'इन रॉक' वर 'चाइल्ड इन टाइम' आहे, दहा मिनिटांचं, आणि त्याची सुरुवातीची ऑर्गनची धून सान फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे नावाच्या बँडकडून उचललेली, मूळ तुकड्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. दादाला हे कळलं तेव्हा तो आठवडाभर असा फिरत होता जसं काय ती धून आमच्या गल्लीत तयार झाली होती.

आवाजाचं पण सांगते, कारण कोल्हापुरात आवाजाशिवाय गोष्ट पुरी होत नाही. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या कार्यक्रमात ११७ डेसिबल मोजले आणि त्यावरून गिनेस बुकानं त्यांना जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंदवलं, प्रेक्षकांतले तिघं बेशुद्ध पडले होते. आमच्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडला डॉल्बीच्या भिंतीसमोर ज्यांनी तास काढलाय त्यांना याचं अप्रूप वाटणार नाही. नियमाप्रमाणं रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलच्या वर जायचं नाही. असो.

बँड वर कसा गेला हे सगळीकडं लिहिलेलं असतं म्हणून मी थोडक्यात आटपते, पण एक गोष्ट सोडवत नाही, ती माँट्रोची. डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडात लेक जिनिव्हाच्या काठी माँट्रो गावात हे पाच जण अल्बम करायला गेले, जागा ठरलेली तिथला कॅसिनो, रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी भाड्यानं आणलेली. ४ डिसेंबरला त्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम होता, तो संपला की जागा यांची. कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडायची बंदूक, छताकडं झाडली आणि अख्खा कॅसिनो पेटला. माणसं सगळी वाचली, माँट्रोचा जाझ महोत्सव चालवणारे क्लोद नोब्स स्वतः आत शिरून पोरांना बाहेर काढत होते. पर्पलवाले तळ्यावर पसरलेला धूर बघत बसले. मग दुसरी जागा मिळाली, एक थिएटर, तिथं रात्री वाजवायला लागले तर शेजारीपाजारी तक्रारीला गेले, पोलीस आले, आणि बाहेर पोलीस दार ठोठावताहेत, आत यांची माणसं दार धरून उभी, का तर टेक, म्हणजे चाललेलं रेकॉर्डिंग, पुरा होऊ दे. त्या टेकमध्ये जी धून होती तीच ती, जगातल्या प्रत्येक गिटार क्लासात पहिल्या आठवड्यात पोरं वाजवतात ती. शेवटी हिवाळ्यासाठी बंद पडलेलं ग्रँड हॉटेल मिळालं, थंडगार, रिकामं, तिथं कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून उरलेलं काम केलं. काय रेकॉर्ड झालंय ते ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या पार करत खाली गाडीपर्यंत जायला लागायचं, त्या कंटाळ्यानं यांनी ऐकणंच सोडून दिलं. आणि ग्लोव्हरला काही दिवसांनी झोपेतून उठताना शब्द सुचले, 'स्मोक ऑन द वॉटर'. गाण्यात कविता अशी नाहीच, जे झालं ते सांगितलंय, पेपरातल्या बातमीसारखं. बँडला वाटत होतं चालेल ते वेगळंच गाणं. हे सिंगल म्हणून आलं १९७३ मध्ये आणि अमेरिकेत चौथ्या नंबरला गेलं.

मी हे गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात जे झालं त्यानंतर ते वेगळं ऐकू यायला लागलं. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधलेलं, आधीचं पॅलेस थिएटर. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आण्णा तोवर गेलेले होते, नाहीतर त्यांना कसं सांगितलं असतं कुणास ठाऊक. दादानं मला फोन केला, बराच वेळ कुणी काही बोललंच नाही, आणि मग तो म्हणाला, "मर्दा, आपलं माँट्रो झालं बघ." मला त्याक्षणी त्याचा राग आला. आता येत नाही. माणसाकडं जे असतं त्यातूनच तो बोलणार ना.

पण या नाट्यगृहावरून मला आण्णांचा पक्ष आठवतो आणि रॉड इव्हान्सचं उत्तर पण तिथंच कुठंतरी आहे असं वाटतं. दादा जेव्हा जेव्हा रडगाणं गायचा की बँड फुटला नसता तर काय झालं असतं, तेव्हा आण्णांचं ठरलेलं वाक्य, "फुटल्याबिगर कंपनी मोठी हुत न्हाई." आणि मग यादी. किर्लोस्कर मंडळी केवढी मोठी, १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि आमच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे म्हणजे पेटीवाले, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या (आण्णांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं). पुढं टेंबे तिथून पण बाहेर पडले, स्वतःची शिवराज कंपनी काढली. केशवराव भोसले, पोरवयापासून ज्या कंपनीत गाजले त्या स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडून त्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श काढली. १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव, दोन कंपन्यांचे दोन मालक, एका स्टेजवर 'मानापमान' मध्ये उभे राहिले, लोक आजपण सांगतात, न बघितलेले जास्त सांगतात. त्यानंतर तीनेक महिन्यांतच केशवराव गेले, एकतीस वर्षांचे होते. आणि कंपनी? बापूराव पेंढारकरांनी चालवली, पुढं त्यांचा मुलगा भालचंद्र पेंढारकर. केशवरावांशिवाय ललितकलादर्श, म्हणजे कागदावर बघितलं तर 'मूळ माणूसच नाही' अशी कंपनी, आणि तिला खोटी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

का नव्हती? तर आतल्यांनी ती आतल्याच्या हातात दिली होती. आणि नंतरच्याला ते पेललं होतं. दोन्ही पाहिजेत.

डीप पर्पलची सुरुवातच तशी आहे. ख्रिस कर्टिस नावाच्या माणसाची मूळ कल्पना होती की जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांसारखा बँड काढायचा, त्यावर लोक बसतील, उतरतील, दुसरे बसतील, नावपण 'राउंडअबाउट' असंच ठेवलेलं. गंमत म्हणजे सगळ्यात आधी कर्टिसच उतरला. उरलेल्यांनी ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्यावरून नाव घेतलं. आणि १९६९ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर आले तेव्हाची गोष्ट तर काही फार सुंदर नाही, जुना गायक आणि जुना बेसवाला अजून कार्यक्रम करताहेत, आणि उरलेले तिघं दिवसा गुपचूप नव्या दोघांबरोबर सराव करताहेत. रॉड इव्हान्सला असा बाहेर काढला. मला त्याच्याबद्दल थोडी माया वाटते ती यामुळं. अकरा वर्षांनी त्यानं जे केलं ते चुकीचंच होतं, पण नाव रिकामं पडलेलं होतं हे पण खरं.

रिकामं कसं पडलं ते बघा. १९७२ मध्ये हे लोक इतके फिरले की ब्लॅकमोरला कावीळ झाली, तरी दौरे चालूच. मॅनेजमेंटला वाटलं आता तापलाय तवा. गिलननं त्या वर्षाच्या शेवटी राजीनाम्याचं पत्र दिलं, ठरल्याप्रमाणं जून १९७३ पर्यंत गायला, आणि ओसाकाला, जिथं ती किंकाळी रेकॉर्ड झाली होती त्याच गावात, शेवटचा कार्यक्रम करून निघून गेला. ग्लोव्हर पण गेला. मला विचाराल तर पाच माणसांना तीन महिने घरी पाठवलं असतं तर हे झालं नसतं. पण आण्णांचं म्हणणं पण मला मान्य आहे, मग पुढचं पण झालं नसतं.

पुढचं म्हणजे डेव्हिड कव्हरडेल, कपड्यांच्या दुकानात काम करणारा पोरगा, जाहिरात वाचून आला आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडांपैकी एकाचा गायक झाला. आणि त्याच्याबरोबर बेस वाजवत गाणारा ग्लेन ह्यूज. या जोडीचा १९७४ चा 'बर्न' हा अल्बम आमच्या घरात बरीच वर्षं बंदी असलेलं साहित्य होता, दादा म्हणायचा गिलन नाही तर पर्पल नाही. त्याच वर्षी ६ एप्रिलला कॅलिफोर्निया जॅम नावाच्या मोठ्या जलशात ब्लॅकमोरनं टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली आणि अँप्लिफायर पेटवून दिला. मग नव्या दोघांचं फंककडं झुकलेलं संगीत त्याला आवडेना, १९७५ मध्ये तो पण गेला आणि रेनबो नावाचा स्वतःचा बँड काढला. त्याच्या जागी टॉमी बोलिन आला, अमेरिकन, हातात विलक्षण जादू आणि नसांत ड्रग्ज. १५ मार्च १९७६, लिव्हरपूल, शेवटचा कार्यक्रम. त्याच वर्षी ४ डिसेंबरला बोलिन गेला, पंचवीस वर्षांचा. कॅसिनो जळाल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. यात काही अर्थ नाही, तारीख आहे नुसती, पण माझ्या लक्षात राहते.

तर १९८० मध्ये परिस्थिती काय, ब्लॅकमोर आणि ग्लोव्हर रेनबोमध्ये, लॉर्ड आणि पेस कव्हरडेलच्या व्हाइटस्नेकमध्ये, गिलनचा स्वतःच्या नावाचा बँड. मधल्या काळात गिलननं हॉटेल काढून बघितलं, मोटरसायकलच्या धंद्यात पैसे घालून बघितले, दोन्ही बुडाले (नाटक कंपन्यांच्या मालकांची कर्जं आठवतात का?). सगळे जिवंत, सगळे वाजवताहेत, अगदी एकमेकांच्या शेजारच्या बँडांत, फक्त त्या पाटीखाली कुणी नाही. तिथं रॉड इव्हान्सला बसवलं कुणीतरी. नाव होतं, गाणी होती, एक जुना माणूस पण होता, आणि तरी बँड नव्हता, कारण पेटीवाला आणि गिटारवाला एकमेकांना ओढत नव्हते. कोर्टानं हे कारण दिलं नाही अर्थात.

आणि मग १९८४. 'मेड इन जपान'चे पाचही जण परत एकत्र. गिलन गेल्याला तोवर अकरा वर्षं झालेली. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा अल्बम, आणि त्या नावाच्या गाण्याची सुरुवात कशानं होते, तर लॉर्डच्या ऑर्गननं, एकट्या. ही कॅसेट मात्र दादाला विकतची मिळाली होती, कव्हरसकट. आण्णांनी ऐकली आणि म्हणाले, "पेटीवाला म्हातारा झाला न्हाई." यापेक्षा मोठं परीक्षण मी त्या अल्बमचं वाचलेलं नाही. मला स्वतःला तो अल्बम अर्धाच आवडतो, पण ते एक गाणं आवडतं, त्यात घाई नाही, कुणाला काही सिद्ध करायचं नाही.

समेट टिकला असं नाही. १९८९ मध्ये गिलनला काढलं, १९९२ ला परत घेतलं, १९९३ च्या दौऱ्यात ब्लॅकमोर स्टेजवरून पाणी फेकतोय, आणि नोव्हेंबरात हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर तो गेला, तो परत कधीच आला नाही. जपानचे ठरलेले कार्यक्रम 'जो सॅट्रियानी' नावाच्या गिटारवाल्यानं निभावले. मग स्टीव्ह मोर्स.

८ एप्रिल १९९५, मुंबई, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. दादा महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेला, मित्राबरोबर, घरी सांगितलं होतं इंटरव्ह्यू आहे. परत आला तो कानात शिट्टी घेऊन आणि तोंड पाडून.

"रिची नव्हता," म्हणाला.

आण्णांना इंटरव्ह्यूचं काय ते कळायचं ते कळलं होतं, पण विषय मोठा होता. "मग कोण हुता?"

"मोर्स म्हणून हाय एक."

"पेटीवाला?"

"लॉर्डच की."

"मग त्या नव्यानं वाजवलं का न्हाई?"

"वाजवलं. लई भारी वाजवलं."

"पेटीवाल्यानं साथ केली का त्याला?"

दादा जरा थांबला. "केली. हसत हुता त्याच्याकडं बघून."

"मग झालं की. लग्न लागलं त्यांचं, तू कशाला रडालाईस?"

हाच तो सगळा मुद्दा, मला हे सगळं लिहायला एवढं लागलं आणि आण्णांनी जेवता जेवता उरकलं. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण पुढं बाहेर आलं, नाव 'बॉम्बे कॉलिंग', म्हणजे उचललेली धून फिरून आपल्या पत्त्यावर आली म्हणायची. दादा त्यात स्वतःला शोधतो. अजून सापडलेला नाही.

लॉर्ड २००२ मध्ये स्वतःहून निवृत्त झाला, जागा डॉन एअरीला दिली, आणि १६ जुलै २०१२ ला कॅन्सरनं गेला. आण्णा तेव्हा होते. त्यांनी बातमी ऐकून पेटी काढली नाही की काही नाही, सिनेमात काढतात तसं, फक्त विचारलं किती वय होतं. एकाहत्तर. 'बरं झालं वाजवलं भरपूर,' म्हणाले. गिलन २००२ नंतर 'चाइल्ड इन टाइम' गायला नाही. गळा तिथं पोचत नाही, मग गाणं यादीतून काढलं. काही चाहत्यांना याचा राग येतो, मला उलट आदर वाटतो. आमच्या गावात अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, त्यांचा तरुणपणी आवाज गेला आणि जो उरला त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, त्यावर अख्खं घराणं उभं राहिलं. गिलननं घराणं काढलं नाही, पण गळ्याला काय झेपत नाही हे ओळखून सोडून देणं हे पण रियाजातलंच आहे.

२०१६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या रॉकवाल्यांच्या मानाच्या यादीत, घेतलं तेव्हा यादीत रॉड इव्हान्सचं नाव होतं. म्हणजे शेवटी त्याला पण पाटीखाली जागा मिळाली. तो आला नाही. ब्लॅकमोर पण आला नाही. आणि त्याच पहिल्या संचातला बेसवाला निक सिम्पर, त्याचं नाव घेतलंच नाही, का ते मला आजपर्यंत पटलेलं नाही. आता २०२२ पासून मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड आहे, २०२४ मध्ये नवीन अल्बम आला. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकच माणूस बसून आहे, ड्रमवर इयन पेस. सगळ्यांची लग्नं यानं बघितली, सगळ्यांचे घटस्फोट पण.

आता माझी मुलगी. सतरा वर्षांची, इअरफोन कानाला चिकटलेले. तिला यातलं काही माहीत नाही, कोण कधी आला, कोण कुणावर रुसला, काही नाही. तिला मोबाईलनं आपोआप एक गाणं लावलं आणि ते आवडलं म्हणून तिनं अख्खा अल्बम ऐकला, आणि कुठला अल्बम, तर 'बर्न'. कव्हरडेल आणि ह्यूजवाला. तिच्यासाठी डीप पर्पल म्हणजे तेच दोघं. फॅमिली ग्रुपवर तिनं दिमाखात टाकलं, 'मामा, तुझा बँड ऐकला, लय भारी आहे, दोन दोन सिंगर.' दादानं लगेच, एक शब्द न बोलता, 'मेड इन जपान'ची लिंक पाठवली. पुरी, न कापलेली, किंकाळीसकट. तिनं खरंच ऐकलं, त्याच रात्री उत्तर आलं: 'हा पण बरा आहे मामा, पण जरा जास्तच ओरडतो. कीबोर्डवाला कोण आहे?'

दादा दोन दिवस ग्रुपवर गप्प आहे. मी मात्र तिला लॉर्डची सगळी माहिती पाठवली.